शाळेचा संगणक : खरेदीपलीकडचा हिशेब

शाळेतल्या मुलांना संगणक देण्याची योजना जाहीर झाली की तिची सगळी चर्चा एका आकड्याभोवती फिरू लागते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी पुढाकार घेऊन आखलेला सिम्प्युटर हा हातात मावणारा संगणक सुमारे ९,००० रुपयांत मिळेल, असे सांगितले गेले होते. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५ च्या जानेवारीत दावोसला ज्या लॅपटॉपची घोषणा केली, तो जगभर ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ म्हणूनच ओळखला गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी नवी दिल्लीत ज्या ‘आकाश’ टॅबलेटचे अनावरण केले, त्याचीही ख्याती पस्तीस डॉलरच्या किमतीमुळेच झाली. पुढे सिम्प्युटर काही हजारांच्या वर खपला नाही. नेग्रोपाँटे यांचा लॅपटॉप २००७ च्या अखेरीस कारखान्यातून बाहेर पडला तेव्हा त्याची किंमत शंभर डॉलरच्या जवळपास दुपटीला पोहोचली होती. ‘आकाश’ सरकारला सुमारे २,२५० रुपयांना पडला खरा, पण ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि बोटाने दाबल्याखेरीज दाद न देणारा पडदा असलेल्या त्या यंत्राची सुधारित आवृत्ती सरकारलाच वर्षभरात आणावी लागली.

आकडे चुकले, याचे मला फारसे दुःख नाही. नव्या यंत्राची किंमत आधी सांगितल्याप्रमाणे क्वचितच राहते. आक्षेप आहे तो प्रश्नालाच. ‘सर्वांत स्वस्त संगणक कोणता?’ हा प्रश्न दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाचा आहे, शासनाचा नव्हे. ज्या देशाला हजारो शाळांत यंत्रे पोहोचवून ती दहा वर्षे चालवायची आहेत, त्याने आधी हे विचारले पाहिजे की यंत्र बंद पडल्यावर ते कोण उघडणार, त्यावरची प्रणाली कोण बदलणार आणि ते वापरून शिकवणार कोण. या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा वापर, नक्कल, अभ्यास आणि बदल कोणालाही करता येतो असे सॉफ्टवेअर, हाच पर्याय शहाणपणाचा ठरतो. मात्र तो स्वस्त आहे म्हणून नव्हे. आणि तो एकटा पुरेसाही नाही. या दोन्ही गोष्टी मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांनी, ज्यांत मी स्वतःला धरतो, पुरेशा स्पष्टपणे सांगितलेल्या नाहीत.

पेरूचे उदाहरण आम्हा पुरस्कर्त्यांना अडचणीचे वाटते, म्हणूनच ते आधी घेतो. नेग्रोपाँटे यांचा लॅपटॉप यंत्र म्हणून सामान्य नव्हता. त्याचा पडदा उन्हात वाचता येत असे, वीज फार कमी लागे, कळफलकावर धूळ आणि पाणी सोसणारे रबरी आवरण होते, त्यावर फेडोरा लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली होती आणि त्यावर मुलांसाठी मुद्दाम घडवलेली ‘शुगर’ ही प्रणाली होती. चालू असलेल्या कार्यक्रमाची (प्रोग्रामची) मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, पाहता यावी म्हणून कळफलकावर स्वतंत्र कळ ठेवण्याइतका विचार त्यामागे होता. पेरूने असे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले आणि अँडीज पर्वतातल्या दुर्गम शाळांपर्यंत नेले. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा गणितात आणि भाषेत या मुलांची प्रगती इतरांपेक्षा जास्त झाल्याचे दिसले नाही. सर्वसाधारण आकलनक्षमतेच्या चाचण्यांत तेवढी थोडी सुधारणा आढळली. शाळांना इंटरनेट जवळजवळ नव्हतेच, शिक्षकांचे प्रशिक्षण तुटपुंजे होते आणि लॅपटॉप घरी नेण्याची मुभा बऱ्याच मुलांना मिळत नव्हती. पुढे दहा वर्षांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासातही शालेय प्रगतीवर ठळक चांगला परिणाम दिसला नाही.

म्हणजे यंत्र स्वस्त होते, सॉफ्टवेअर मुक्त होते, संहिता दाखवणारी कळही होती. ती दाबून पुढे काय करायचे, हे सांगणारे मात्र शाळेत कोणी नव्हते. मुक्त सॉफ्टवेअर ही शेवटी एक परवानगी आहे, आणि ती वापरणारी माणसे जवळपास नसतील तर कागदावरच राहते. उरुग्वेने हेच लॅपटॉप घेतले, पण त्यासाठी ‘प्लान सेइबाल’ ही स्वतंत्र यंत्रणा उभारली, शाळाशाळांत इंटरनेट नेले, दुरुस्तीची व्यवस्था लावली आणि २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला यंत्र दिले. तिथेही गणिताचे आणि वाचनाचे गुण केवळ लॅपटॉपमुळे वाढले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही ती यंत्रणा टिकली आणि पुढे तिच्यावरूनच दूरस्थ शिक्षकांमार्फत इंग्रजी शिकवले जाऊ लागले. अर्थात उरुग्वे हा चौतीस-पस्तीस लाख वस्तीचा, लॅटिन अमेरिकेत तुलनेने सधन देश आहे. त्याचे अनुकरण बिहारला किंवा आफ्रिकेतल्या मलावीला जसेच्या तसे करता येणार नाही.

भारतात या लॅपटॉपचा पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट येथील एकशिक्षकी शाळेत झाला. त्याआधी, २००६ मध्ये, केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने हा लॅपटॉप शैक्षणिकदृष्ट्या शंकास्पद ठरवून नाकारला होता. तो निर्णय मला योग्य वाटतो. फक्त पाचच वर्षांत त्याच मंत्रालयाने, त्याहून दुबळे यंत्र घेऊन, तोच मार्ग का धरला, हे कोडे उलगडत नाही.

गरीब देशांत यंत्र टिकण्यासाठी काय लागते, याचा एक धडा आपण संगणकाच्या फार आधी गिरवलेला आहे. १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप तयार झाला. त्याच्या मुळाशी जालना आणि सोलापूर येथील मिशनरी कार्यशाळांत घडलेले पंप होते. बिडाचे जुने पंप सतत मोडत होते, म्हणून युनिसेफच्या साहाय्याने हा नवा आराखडा बनवला गेला. त्यावर कोणाची मक्तेदारी ठेवली नाही, त्याचे भारतीय मानक ठरवले आणि मापात बसणारा पंप कोणत्याही कारखान्याला बनवता येऊ लागला. कोणत्याही कारखान्याचा सुटा भाग कोणत्याही पंपाला बसू लागला, आणि जिल्हा परिषदेच्या देखभाल पथकातला यांत्रिकी तो बसवू लागला. हा पंप पुढे आशिया-आफ्रिकेतल्या अनेक देशांत पसरला. खुला आराखडा, सर्वांनी पाळलेले मानक आणि हाताशी असलेला दुरुस्ती करणारा यांपैकी एक जरी नसता, तरी बाकीच्या दोहोंचा उपयोग झाला नसता. पेरूत तिसरा नव्हता.

केरळमध्ये तो होता. तिथल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाची सुरुवात २००१ च्या सुमारास झाली. पहिल्या काही वर्षांत तिथेही अभ्यासक्रम विंडोजवर आधारलेला होता आणि मुक्त सॉफ्टवेअरकडे वळणे एका आदेशाने घडले नाही. शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते यांनी त्यासाठी बरीच वादावादी केली. २००८ पर्यंत दहावीची माहिती तंत्रज्ञानाची परीक्षा पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर होऊ लागली. मला यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो तो मास्टर ट्रेनरांचा. हे प्रशिक्षक एखाद्या कंपनीने कंत्राटावर आणलेले नव्हते. गणित, विज्ञान, भाषा शिकवणारे शाळांतलेच शिक्षक प्रतिनियुक्तीवर घेतले गेले आणि त्यांनी बाकीच्या शिक्षकांना शिकवले. शाळांसाठीची लिनक्सची आवृत्ती राज्यातच तयार होऊ लागली. तिच्यात कोणते कार्यक्रम असावेत, हे पाठ्यपुस्तकात काय आहे ते पाहून ठरे. भूमितीच्या धड्यासाठी जिओजेब्रा हवे असेल तर ते मल्याळम भाषेसह आधीच बसवलेले असे. मल्याळम अक्षरे पडद्यावर नीट उमटत नसतील, तर ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’मधले स्वयंसेवक टंकाची (फाँटची) संहिता उघडून ती दुरुस्त करू शकत होते. वर ज्या परवानगीचा उल्लेख केला, तिचा खरा अर्थ इथे कळतो. मल्याळममधला एखादा जोडाक्षराचा दोष परदेशी कंपनीच्या कामाच्या यादीत कितव्या क्रमांकावर असेल, याची वाट पाहण्याची गरज राहिली नाही.

२०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले आणि त्यानंतर आठवी ते बारावीच्या ४५,००० वर्गखोल्यांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर बसले. ही यंत्रे खास विद्यार्थ्यांसाठी शोधून काढलेली नव्हती. बाजारात मिळणारे साधे लॅपटॉप होते. पण खरेदीच्या अटींत पाच वर्षांची हमी होती, तक्रार नोंदवण्याची सोय होती आणि ठरल्या मुदतीत दुरुस्ती न झाल्यास पुरवठादाराला दंड होता.

२०१९ मध्ये ‘काइट’ने जाहीर केले की दोन लाख संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअर वापरल्यामुळे राज्याचे ३,००० कोटी रुपये वाचतील. हा आकडा समाजमाध्यमांवर अजून फिरत असतो, आणि मला तो मान्य नाही. प्रत्येक संगणकावर जी सॉफ्टवेअरे आहेत त्यांच्या तोडीची व्यापारी सॉफ्टवेअरे विकत घेतली असती तर दर संगणकामागे दीड लाख रुपये लागले असते, असे धरून तो काढलेला आहे. कोणतेही सरकार शाळेसाठी इतकी सॉफ्टवेअरे पूर्ण किमतीला घेणार नाही, आणि कोणतीही मोठी कंपनी त्याला तशी घ्यायला लावणार नाही. गरीब देश हातचे जाण्याची वेळ आली की कंपन्या किंमत झपाट्याने खाली आणतात. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००७ मध्ये विकसनशील देशांच्या सरकारांना विद्यार्थ्यांसाठी विंडोज आणि ऑफिस मिळून अवघ्या तीन डॉलरना देऊ केले होते. त्या विंडोज स्टार्टर आवृत्तीत एका वेळी तीनच कार्यक्रम उघडता येत, ही गोष्ट वेगळी. किमतीवर वाद घालायचा ठरवला तर समोरचा पक्ष केव्हाही शून्यावर येऊ शकतो. मग आपल्याकडे दुसरा मुद्दा असायला हवा.

तो मुद्दा पेरूमधल्याच एका लोकप्रतिनिधीने मांडून ठेवला आहे. सरकारी कार्यालयांत मुक्त सॉफ्टवेअर वापरावे, असे विधेयक एडगर व्हियानुएवा यांनी आणले होते. त्यावर मायक्रोसॉफ्टच्या पेरूतील व्यवस्थापकांनी हरकत घेतली आणि एप्रिल २००२ मध्ये व्हियानुएवांनी त्यांना सविस्तर उत्तर दिले. नागरिकांना सरकारी माहिती विनाअडथळा मिळावी, ती माहिती कायम वाचता यावी आणि राज्याची व नागरिकांची सुरक्षितता अबाधित राहावी, ही आपल्या विधेयकाची कारणे आहेत, असे त्यांनी लिहिले. परवान्याचा खर्च एकूण खर्चाच्या जेमतेम ८ टक्के असतो, असे कंपनीचे म्हणणे होते. ते खरे धरले, तर उरलेले ९२ टक्के बसवणी, प्रशिक्षण, देखभाल यांवर, म्हणजे माणसांवर जातात; तेव्हा ती माणसे कुठली आणि त्यांना यंत्रात कितपत हात घालता येतो, हाच खरा आर्थिक प्रश्न उरतो. कंपनीचा हा युक्तिवाद मला मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूचा वाटतो. त्याच वर्षी जुलैमध्ये बिल गेट्स यांनी पेरूच्या राष्ट्राध्यक्षांना शाळांसाठी साडेपाच लाख डॉलरची मदत देऊ केली, आणि तीन वर्षांनी कायदा झाला तो मुक्त सॉफ्टवेअरच्या सक्तीचा नव्हे, तर तंत्रज्ञानाबाबत तटस्थ राहण्याचा.

सरकारी माहिती कायम वाचता यावी, या म्हणण्याचा अर्थ मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागू नये. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीचे सामायिक संगणकीय मानक, रुळण्याआधीचे शासनाचे एखादे परिपत्रक संगणकावर उघडा आणि त्यातली एक ओळ उचलून दुसऱ्या ठिकाणी चिकटवून पाहा. पडद्यावर ‘सुरेख’ टंकातली नेटकी मराठी दिसत असते. चिकटवलेल्या जागी मात्र रोमन अक्षरे, कंस, बेरजेची चिन्हे आणि डोक्यावर टिंबे असलेले युरोपीय स्वर उमटतात. प्रत्येक टंककर्त्याने देवनागरीचे अवयव रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने बसवले होते, त्यामुळे तो टंक नसलेल्या संगणकाला तो मजकूर मराठी आहे हेही कळत नाही. त्यात काही शोधायचे म्हटले तर सापडत नाही. एका पिढीचा सरकारी, छापखान्यांतला आणि वर्तमानपत्रांतला मराठी मजकूर असा अडकून पडला आणि तो सोडवायला परिवर्तक लिहावे लागले. युनिकोड विंडोजवरही चालते, तेव्हा हा दोष कोणा एका कंपनीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. दोष होता तो खुल्या मानकाचा आग्रह न धरता खरेदी करण्याचा. आज लोहित, मुक्ता यांसारखे खुल्या परवान्याचे टंक कोणालाही वापरता येतात, म्हणून हा प्रश्न संपला असे वाटते. पण शाळांच्या प्रश्नपेढ्या, गुणपत्रके, ई-साहित्य आज कोणत्या स्वरूपात साठवले जात आहे, हे खरेदीच्या वेळी कोण विचारते?

मुक्त सॉफ्टवेअरवरचा सर्वांत वजनदार आक्षेप नोकरीचा आहे. महाराष्ट्रात महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम लाखो लोकांनी पूर्ण केला, अनेक सरकारी पदांसाठी तो संगणक अर्हता म्हणून चालतो, आणि त्याचा मुख्य भर विंडोज आणि एमएस ऑफिसवर राहिला आहे. तालुक्याच्या गावात फ्लेक्स छापणाऱ्याला कोरलड्रॉ लागते, कर सल्लागाराच्या कार्यालयात टॅली लागते. ज्या मुलीला सहा महिन्यांत अशा ठिकाणी काम मिळवायचे आहे, तिला लिनक्सची तत्त्वे ऐकवणे क्रूरपणाचे होईल. तिने टॅलीच शिकावे. सहावी-सातवीतल्या मुलाची गोष्ट वेगळी. तो नोकरीला लागेपर्यंत आजच्या कोणत्याही कार्यक्रमाचा चेहरा ओळखू येणार नाही इतका बदललेला असेल. त्याला तक्ता म्हणजे काय, सूत्र कसे लिहितात, चूक कशी शोधतात हे यायला हवे, आणि ते लिब्रेऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरवर जसे शिकता येते तसेच एक्सेलवर. शिवाय नोकरीसाठी विंडोज आवश्यक का झाले, तेही पाहावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळवून घेतलेल्या संगणकावर दुकानदार विंडोजची चोरटी प्रत फुकट टाकून देत असे. चिनी लोक सॉफ्टवेअर चोरणारच असतील तर त्यांनी आमचे चोरावे, पुढे कधीतरी वसुलीचा मार्ग सापडेल, अशा आशयाचे उद्गार बिल गेट्स यांनी १९९८ मध्ये काढले होते. घरगुती ग्राहकाला लिनक्स आणि विंडोज दोन्ही शून्य रुपयांतच मिळत होते. ब्राझीलने २००५ मध्ये करसवलत देऊन लिनक्सचे संगणक स्वस्तात विकले, तेव्हाही अनेकांनी घरी नेऊन त्यांवर चोरटे विंडोज चढवले. किमतीचा मुद्दा इथेही कामी येत नाही. शाळेने आणि शासनाने लावलेली सवय कामी येते.

दुसरा आक्षेप असा की आता घरोघरी स्मार्टफोन आहेत, मग संगणक हवेत कशाला. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२४ मध्ये १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ९० टक्के ग्रामीण मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला, पण स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी आदल्या आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी उपयोग केलेली मुले ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी केलेली ७६ टक्के होती. पाहण्यासाठी फोन उत्तम आहे; दोन पानी निबंध लिहिणे, आकडेवारीचा आलेख काढणे, कार्यक्रम लिहून चालवणे यांसाठी कळफलक लागतोच.

या सगळ्याला सध्या एक तातडीचे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित सुरक्षा सुधारणा देणे थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, त्यामुळे चालू अवस्थेतली असंख्य यंत्रे अधिकृतपणे निकाली निघाली. शाळांच्या प्रयोगशाळांत असे चौथ्या-पाचव्या पिढीचे संगणक पुष्कळ आहेत. त्यांतली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी ही अधिक वेगवान साठवण बसवली, मेमरी आठ जीबी केली आणि लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती टाकली, तर ते मराठी टंकलेखन, जिओजेब्रा, पायथन ही संगणकभाषा आणि इंटरनेट हे सारे सुरळीत करतात. इंटरनेट नसेल तिथे किविक्सच्या साहाय्याने विकिपीडिया आणि कोलिब्रीच्या साहाय्याने पाठ एका संगणकावर साठवून बाकीच्यांना पुरवता येतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतही आहेत. गरीब देशाला परवडणारा संगणक बऱ्याचदा त्याच्या कपाटात आधीच पडलेला असतो. नवी यंत्रे घेतानाही हीच दृष्टी हवी. गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या क्रोमबुकसारख्या यंत्राला कंपनीकडून सुधारणा मिळण्याची अखेरची तारीख आधीच ठरलेली असते, आणि ती निर्मितीच्या वर्षापासून नव्हे तर त्या जातीचे यंत्र बाजारात आल्यापासून मोजली जाते. जुना साठा स्वस्तात घेणाऱ्या खरेदी समितीने ती तारीख विचारली नाही, तर आयुष्याची काही वर्षे खोक्यातच संपलेली असतात.

केंद्र सरकारचे २०१५ चे धोरण मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायला सांगते आणि ते वगळल्यास पुरवठादाराकडून कारण मागते. राज्यांवर ते बंधनकारक नाही. महाराष्ट्राने ते स्वीकारले तरी निविदेतल्या एका कलमाने फार काही बदलणार नाही, कारण अडचण निविदेच्या बाहेर आहे. २००४ पासूनच्या केंद्रीय योजनेत अनेक राज्यांनी शाळांच्या संगणक कक्षांची पाच वर्षांची कंत्राटे दिली. कंत्राटाबरोबर कंत्राटी निदेशक आला आणि मुदत संपताच गेला. मग पहिल्यांदा यूपीएसची बॅटरी निकामी झाली, आणि तेवढ्या कारणाने खोलीला कुलूप लागले. केरळच्या पद्धतीने दर तालुक्याला दोन शिक्षक वर्गातून काढून या कामाला द्यायचे, तर त्यांच्या जागी शिकवणाऱ्यांचा पगार, त्यांचा प्रवास, सुट्या भागांसाठी थोडी हातची रक्कम एवढे लागेल. हा खर्च संगणक खरेदीच्या लेखाशीर्षात बसत नाही, प्रशिक्षणाच्या शीर्षात सुटे भाग बसत नाहीत, आणि वेतनाच्या शीर्षात नवे पद बसवायला वित्त विभागाची मंजुरी लागते. यंत्र कोणते घ्यायचे, हा वाद त्या मंजुरीनंतर घालावा.